राणीसावरगावात बोट नांगरताना

राणीसावरगावात शिडाची बोट नांगरणाऱ्याला दोनच अडचणी येतात: बोट नाही आणि समुद्र नाही. कोकण किनारा इथून सरळ रेघेत 400 किलोमीटरच्या आसपास. नवशिक्याने खचून जाऊ नये. पोहता येत नसताना आरमारावर तासभर बोलणारे वक्ते आपल्याकडे कमी नाहीत.

बोट निवडताना बोस्प्रिटवाली घ्यावी, कारण भानगडी तिलाच जास्त. बोस्प्रिट म्हणजे नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, पुढे पाण्यावर निघालेला दांडा. पुढची शिडं त्याला बांधतात. गोवा शिपयार्डने बांधलेल्या, 1997 साली नौदलात दाखल झालेल्या ‘तरंगिणी’ला तो आहे. शिडं या दांड्याला वर खेचतात, म्हणून त्याच्या टोकापासून खाली नाळेला, पाण्यालगत, एक तार ताणून बांधलेली असते. तिचं नाव बॉबस्टे. नाव पाठ करावं. रात्री तिलाच शिव्या द्यायच्या आहेत.

आता नांगर. तळापासून नाळेवरच्या कप्पीपर्यंत 6 मीटर भरले तर साखळी 30 मीटर सोडावी, वारा वाढला तर आणखी. मोजताना भरती धरावी. मुंबईत उधाणाला पाणी 4 मीटरहून जास्त चढतं-उतरतं. मासोळी धरणात सराव करणाऱ्याला भरती नाही, पण आवर्तन सुटलंय का, एवढं विचारून घ्यावं.

साखळीला झोल आहे तोवर ठीक. वारा उठला की ती ताठ होते आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट बोटीला बसतो. खोंड साखळीने बांधून पाहिलेल्या माणसाला हे समजावायला नको: बिथरला की खुंटा उपटतो, नाहीतर मान सोलते. म्हणून ओढ झेलायला एक ताणणारं दावं लावायचं. तोच स्नबर.

दोर नायलॉनचाच, तीन पदरी पिळाचा, 6 ते 9 मीटर. गंगाखेडला दुकानात मागितला तर मालक आधी निळा प्लॅस्टिकचा दोर पुढे करतील. तो ताणत नाही आणि उन्हात कुजतो. मग जाडजूड दाखवून “ट्रॅक्टर ओढला तरी तुटायचा नाही” म्हणतील. तोही नको. 35-40 फुटी बोटीला 12 ते 16 मिलिमीटर पुरे. फार जाड दोर ताणतच नाही, मग साखळी काय वाईट होती? कशाला हवाय ते मात्र सांगू नये. दुकानात गर्दी जमते.

नवशिका दोर बोस्प्रिटच्या टोकावरून सोडतो, कारण तिथे जागा दिसते. बोट वाऱ्यात झुलली की दांड्याला आडवा ओढा बसतो, जो सोसायला तो घडवलेला नसतो, आणि साखळी बॉबस्टेवर रात्रभर करकरते. खरी जागा खाली आहे. नाळेला पाण्यालगत, आतून जाड पट्टी देऊन, पक्की कडी बसवून घ्यावी. दोर कडीला जोडणाऱ्या शॅकलची खीळ तारेने आवळावी. दोराचं एक टोक कायम त्या कडीत, दुसऱ्याला साखळीत अडकणारा हूक. हूक लावल्यावर साखळी आणखी सोडावी, म्हणजे तिचा झोल लोंबेल आणि भार सगळा दोरावर येईल. दोर तुटलाच तर साखळी आहे. तिचं वरचं टोक मात्र डेकवरच्या भक्कम खुंटाला अडकवावं, विंडलासच्या भरवशावर झोपू नये. ते यंत्र नांगर उचलायचं, बोट धरून ठेवायचं नव्हे.

दोर घासेल तिथे नळी चिरून चढवावी. ठिबकची बारीक पडते. विहिरीवरच्या मोटारीचा फुटका पाइप उत्तम.

शेजारच्या बोटीला बोट बांधायचा मोह टाळावा. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांची जहाजं एकमेकांना खेटून उभी होती. इंग्रजांच्या माऱ्यात एकाला आग लागली आणि आरमार जळालं. तिथे स्नबरचा उपयोग नव्हता.

निघताना साखळी थोडी आत घ्यावी, हूक हाताशी आला की काढावा, मगच नांगर उचलावा. घाई केली तर हूक कप्पीत अडकतो. तोवर पारावरची मंडळी जमलेली असतीलच. “पाणी कधी येणार?” असं कुणी विचारलं तर ते नळाबद्दल विचारतायत, असं धरून चालावं.