टाकी टू टाकी

आमच्या गावात नवी गाडी दिसली की पेढे मागायच्या आधी माणूस विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" 2010 साली याच शहरातल्या लोकांनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर नाव झालं. त्या दीडशे जणांनाही कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं पहिल्या दिवशी हेच विचारलं असणार, पैज लावा.

माझी गाडी त्या जातीची नाही. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतली, म्हणजे कर कमी लागावा म्हणून शेपूट छाटलेली. मागून पाहिलं की वाटतं, डिकीचा उरलेला भाग पुढच्या ट्रकनं येतोय. अर्थात यात लाजण्यासारखं काही नाही. बीबी-का-मकबरा तरी दुसरं काय आहे? ताजमहालाचं चार मीटरच्या आतलं मॉडेल. त्याचा खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाला असं सांगतात. साडेसहा लाखांच्या हिशेबात सात आणे न सोडणारं गाव आहे हे, आणि आमचे मामा त्याच परंपरेतले.

मामा वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी व्हर्निअर टीव्हीखालच्या खणात असतो. मामी पोळ्या लाटत असताना ते ओट्याजवळ आले की मामी आधी लाटणं उचलते. गाडी घ्यायला मी त्यांना बरोबर नेलं, ही माझी चूक.

शोरूममधला पोरगा म्हणाला, "24.2 देते सर. सर्टिफाइड."

"कुठं तपासली?"

"एमआयडीसी सायकलवर, सर."

मामांचा चेहरा उजळला. "एमआयडीसीत? कुठल्या, वाळूज का शेंद्रा?" मग एकदम शंका येऊन, "आन सायकलवर कामून? गाडी हाय ना ही?"

पोरगा चहा सांगायला गेला तो परत आलाच नाही.

ही एमआयडीसी आपली नव्हे. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे गाडी कशी चालवायची याचं ठरलेलं वेळापत्रक. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही संस्था 1966 पासून आहे. तिथं गाडी रोलरवर चढवतात. चाकं पळतात, गाडी जागच्या जागी. एकूण 19 मिनिटं 40 सेकंद, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर, वेग जास्तीत जास्त 90, सरासरी बत्तीसच्या आसपास. एसी बंद. खड्डा नाही, म्हैस नाही, मागून डिप्पर मारणारा टेम्पो नाही, शेजारी बसून "अहो, हळू" म्हणणारं कोणी नाही. आकडा खरा असतो, त्यात लबाडी काही नाही. फक्त तो रस्ता महाराष्ट्राच्या नकाशावर सापडत नाही.

मामांना हे मान्य नव्हतं. "मालाची तपासणी गिऱ्हाइकाच्या दारात होते," ते म्हणाले, आणि रविवारी म्हैसमाळ ठरलं. समृद्धीनं कुठंतरी लांब जाऊ, असं मी सुचवून पाहिलं. मामांनी हात झटकला. ऐंशीवरून 120 वर गेलं की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो, तिथं तपासणं म्हणजे गाडीवर अन्याय, म्हणे. घाटात पाचजण कोंबून नेणं हा न्याय होता.

पद्धत टाकी टू टाकी. पंपावर टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्य करायचं, हिंडून यायचं, त्याच पंपावर पुन्हा फुल करायची आणि भागाकार. नोझल खट्कन कट झालं तसे मामा ओरडले, "बस! आता थेंब नको." पोरगा सवयीनं रक्कम पूर्ण करायला आणखी दोनदा दाबणार होता. मामांनी त्याचं मनगट धरलं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. "चाचा, पेट्रोल भरायलेत का सोनं मोजायलेत?"

जालना रोड. सिडको, सेव्हन हिल्स, आकाशवाणी, मोंढा नाका, क्रांती चौक. उड्डाणपुलावर गाडी जेवढं कमावते तेवढं आकाशवाणीच्या सिग्नलवर उधळते. मामा मागच्या सीटवर वही घेऊन. बायको पुढं, तिनं एसी लावला. मामांनी वहीत लिहिलं: 'एसी, 8.52.' तिनं बंद केला. मामींनी मागून सांगितलं, "लाव गं, मी बघते यांच्याकडं." वहीत: 'एसी, 8.54, दबाव.'

छावणी, पडेगाव, मिटमिटा इथवर बरं चाललं होतं. दौलताबादला तटबंदीच्या दरवाजात मात्र सगळं शहर येऊन अडकलं होतं. देवगिरीची तटबंदी बांधणाऱ्यांनी शत्रू आत शिरू नये एवढं पाहिलं. रविवारी वेरूळला जाणारी बस आणि समोरून येणारी वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स एकाच वेळी त्या दरवाजात येतील हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. तेवीस मिनिटं आम्ही तिथं उभे होतो. इंजिन चालू, अंतर शून्य. "आत्ता ॲव्हरेज किती?" असं मुलीनं विचारलं. मामा म्हणाले, "शून्य भागिले काहीही शून्यच." त्या दुःखात मामींनी सीताफळांची पाटी घेतली आणि वहीत 'वजन, अंदाजे 9 किलो' अशी भर पडली.

घाट चढून खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं. हा मारुती झोपलेला आहे. हनुमान जयंतीला शहरातून हजारो लोक रात्रभर चालत इथं येतात, एक थेंब न जाळता. मामांनी देवाकडं बराच वेळ पाहिलं. बहुधा रोलर शोधत होते.

म्हैसमाळ शहरापेक्षा पाचेकशे मीटर उंच. वर ढग होते, कणसं होती. उतरताना मामा म्हणाले, "न्यूट्रलमधी टाक." मी नाही म्हणालो. एक तर घाटात ते धोक्याचं, आणि दुसरं म्हणजे आताच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचं पेट्रोल आपणच तोडतात. मामांनी ते लिहून घेतलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी त्याच पंपावर, त्याच नोझलला: 97 किलोमीटर, 6.7 लिटर. साडेचौदा.

मामा गप्प झाले. पंपावरची इथेनॉलची पाटी वाचून जरा सावरले. वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. "म्हंजे गाडीला ऊस चारायलेत," ते म्हणाले. पण त्यानं सहा-सात टक्क्यांचा फरक पडेल. चोवीसचं साडेचौदा होणार नाही. गणित मामांना माझ्याहून चांगलं येतं, म्हणून ते रात्री जेवले नाहीत.

बुधवारी पहाटे साडेचारला दारात मामा. गळ्यात नातवाचं स्टॉपवॉच, हातात तक्ता. त्यांनी ते वेळापत्रक कुठूनसं मिळवून सेकंदासेकंदानं उतरवून काढलं होतं. "आपन एमआयडीसी करायची. चिकलठाणा ते शेंद्रा, आन माघारी."

जालना रोड मोकळा होता. एसी बंद, सीताफळं घरी, मामी घरी. मामांनी पुकारा सुरू केला: "थांब, अकरा सेकंद. चल! चार सेकंदांत पंधरा. आठ सेकंद तसंच. ब्रेक! आता एकवीस सेकंद उभा रहा." रिकाम्या हमरस्त्यावर, सिग्नल नसताना, आम्ही एकवीस सेकंद उभे. मग बारा सेकंदांत बत्तीसपर्यंत. चोवीस सेकंद तसंच. पुन्हा ब्रेक. एक दूधवाला मोटरसायकल आमच्या बरोबरीनं आणून म्हणाला, "गाडी शिकायलेत का?" तिसऱ्या थांब्याला दोन कुत्री येऊन बसली, आम्ही निघालो की भुंकायची, थांबलो की तीही थांबायची. तक्ता त्यांना आमच्याआधी पाठ झाला. पुढं गस्तीची गाडी आली. हवालदारांनी काच खाली करायला लावली, स्टॉपवॉच पाहिलं, तक्ता पाहिला.

"काय चाललंय?"

"एमआयडीसी," मामा म्हणाले.

"मग सरळ जा ना, शेंद्रा समोरच आहे."

माघारी पंपावर आलो तेव्हा उजाडलं होतं. 21 किलोमीटर झाले होते. नोझल घातलं आणि पेट्रोलच्या फेसानं ते लगेच कट झालं: 0.81 लिटर. पोरगा पुन्हा दाबायला गेला, कारण टाकीत अजून जागा होती, हे त्याला, मला आणि त्या नोझललाही कळत होतं. प्रयोगशाळेत याच भानगडीमुळं पेट्रोल मोजतच नाहीत; धुरातला कार्बन मोजून त्यावरून हिशेब काढतात. मी मामांना हे सांगायला तोंड उघडलं.

मामांनी पोराचं मनगट धरलं होतं. "बस," ते म्हणाले. "थेंब नको."

21 भागिले 0.81. जवळजवळ सव्वीस.

तेव्हापासून माझी गाडी सव्वीस देते. मामांनी ते गल्लीत, बँकेत, दोन लग्नांत आणि एका दहाव्यात सांगितलंय. परवा शोरूमसमोरून जाताना त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. चहा सांगायला गेलेला तो पोरगा दारातच उभा होता.

"अरे," मामा म्हणाले, "तुमच्या कागदावर कमी छापलंय."