एफ येतो तेव्हा

'यादों की बारात'मधलं ते गाणं. झीनत अमानच्या हातात गिटार आहे, ते. सिनेमा १९७३ सालचा, मीही त्याच सालचा. गाण्याचे केस अजून काळे आहेत एवढाच फरक. सुरुवातीला ग्लासवर चमचा वाजल्याचा तो किणकिणाट आणि सोबत भूपिंदर सिंग यांची गिटार. (गझलवाले भूपिंदर, तेच. पंचमदांकडे ते गिटार वाजवायचे, हे मी आजवर किमान चाळीस जणांना त्यांनी न विचारता सांगितलंय.)

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हे गाणं वाजवून, शिवाय गाऊन, बायकोला थक्क करायचं ठरवलं. गिटार आणली. सर लावले. सर बावीस वर्षांचे. ते मला काका म्हणाले, मी त्यांना सर म्हणालो आणि फी आगाऊ भरली.

'नुसतं वाजवलंत तर सोपं आहे, काका.' पण मला गायचं होतं. आशाबाईंच्या पट्टीत मी गायला लागलो की दारात बोट सापडल्यासारखा आवाज निघतो. सरांनी पट्टी उतरवली. नव्या पट्टीत एफ आला.

आता एफविषयी बोलायलाच हवं. बाकीच्या साध्या कॉर्डना दोन-तीन बोटांत भागतं. एफला तर्जनी सहाही तारांवर आडवी झोपवायची आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे जमेल तसा संसार करायचा. तर्जनी सरळ असते हा आपला गैरसमज. तिच्या पेरांमध्ये खड्डे असतात आणि नेमकी दुसरी तार त्या खड्ड्यात मुकी बसते. तिला दाबावं तर पहिली रुसते. दोघींची समजूत घालेस्तोवर मागून अंगठा राजीनामा देतो. ज्या बोटाने आयुष्यभर लोकांच्या चुका दाखवल्या, त्याच्यात एवढंही बळ नसावं? मी लोकलच्या दांडीवर एफ धरला, लाटण्यावर धरला, मीटिंगमध्ये टेबलाच्या कडेवर धरला. साहेबांनी हळूच विचारलं, 'डाव्या हातात काही दुखतंय का?'

कॅपो नावाचा चिमटा गिटारच्या मानेला लावला की हा प्रश्न मिटतो, हे मला माहीत आहे. चिमटा ड्रॉवरमध्येच आहे. पण कॅपो म्हणजे कुबडी, असं मी पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या गच्चीवर जाहीर करून बसलो होतो.

वाढदिवस आला तसा गेला. हिला साडी दिली.

परवा रात्री पुन्हा तिथेच अडकलो होतो. एवढ्यात स्वयंपाकघरातून ग्लासवर चमचा वाजला. अगदी लयीत! मी भारावलो, सुरुवातीचा तुकडा पुन्हा धरला. ती माझं इसबगोल ढवळत होती.

ग्लास घेऊन बाहेर आली. 'अहो, रोज तिथेच का थांबता?'

'एफ येतो.'

'तुमच्या पट्टीत येतो ना? माझ्या पट्टीत घ्या.'

आणि ती गायली. माझी बोटं पहिल्या महिन्यात शिकलेल्या सोप्या जागांवर फिरत राहिली. एफ कुठेच आला नाही.

लग्न ठरताना तिच्या मामांनी सांगितलं होतं, पोरगी गाण्यात मध्यमा झालीय. मी 'हो का?' म्हणालो होतो. त्यानंतर या घरात मी फोटोग्राफी शिकलो, बोन्साय शिकलो, सहा महिने जपानी शिकलो. पोळ्या लाटताना ती गुणगुणायची, ते मला कुकरच्या शिट्टीइतकंच ऐकू यायचं. तिची पट्टी कुठली, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, सुचलंच नाही. लाज वाटली. खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. थक्क तिला करायचं होतं.

दुसऱ्या कडव्याआधी ती थांबली. 'आधी हे घ्या, घट्ट होतंय.'

मी एका दमात संपवलं. तिने रिकाम्या ग्लासवर चमचा वाजवून पाहिला. 'हा जास्त चांगला वाजतोय,' म्हणाली. 'हं, पहिल्यापासून घ्या.'