35 अंशांचा लॅपटॉप, वऱ्हाडातला मे

मे महिन्यातल्या दुपारी मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत टिनपत्र्याच्या खोलीत लॅपटॉप उघडा. पंखा घरघरतो, माऊस अडखळतो, उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म अर्ध्यावर गरगर फिरत बसतो. लगेच निदान तयार: व्हायरस शिरला, रॅम कमी पडते, फॉरमॅट मारा. फॉरमॅट होतो, पैसे जातात आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. दुखणं उष्णतेचं आणि औषध भलतंच!

लॅपटॉपसोबत येणाऱ्या पुस्तिकेतली बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. बहुतेक कंपन्या तिथे लिहितात की यंत्र 35 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावं. पस्तीस! मानोरा तालुक्यात एवढा पारा मार्चमध्येच चढतो. 24 मे 2024 रोजी शेजारच्या अकोल्यात 45.8 अंशांची नोंद झाली. तेव्हा तिथल्या प्रशासनाने 144 कलम लावलं, खासगी शिकवणी वर्गांना भरदुपारी बंदी घातली, कामगारांना पाणी आणि पंखे द्यायला सांगितलं. माणसाच्या शरीराची मर्यादा तिथे ओळखली गेली. दाखले काढणारं यंत्रही त्याच हवेत चालतं, हे मात्र कुणाच्या लक्षात नाही.

पंखा हवा गार करत नाही, खोलीतलीच हवा आतून फिरवतो. समजा, एखादा प्रोसेसर भर कामात खोलीपेक्षा 55 अंशांनी जास्त तापतो. पुण्यातल्या 25 अंशांच्या एसी ऑफिसात तो 80 वर राहील, 45 अंशांच्या खोलीत थेट 100 वर जाईल. यंत्र तेच, काम तेच.

आणि 100 हाच इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांचा कडेलोट. एएमडीच्या अनेक प्रोसेसरांचा 95 ते 105 च्या दरम्यान. काटा तिथे टेकला की प्रोसेसर स्वतःच वेग आणि व्होल्टेज उतरवतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, आणि हा बिघाड नव्हे, बचाव आहे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून थोडा वेग सोडला तरी ताप बराच उतरतो. तरीही पारा चढतच राहिला तर यंत्र स्वतःला बंद करतं. 2001 मधल्या एका गाजलेल्या चाचणीत चालू प्रोसेसरवरचा, उष्णता खेचून घेणारा हीटसिंक काढून घेतला होता. इंटेलचा पेंटियम 4 मंदावला, पण चालत राहिला. अशी सोय नसलेला एएमडीचा अॅथलॉन काही क्षणांत जळाला.

म्हणून तापमानाचा आकडा बघून घाबरू नका, आकड्यामागचं काम बघा. व्हिडिओ जोडताना 90 दिसले तर चालेल. नुसता एक फॉर्म उघडा असताना 100 दिसले तर मागचं झाकण खोला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 37 क्रमांकाची नोंद सापडली, तर फर्मवेअरने प्रोसेसरचा वेग रोखल्याची ती खूण. कारण उष्णता असेल किंवा कमजोर चार्जर. दोन्ही तपासा.

झाकणाखाली काय दिसतं? पंखा आणि तांब्याच्या नळीवरच्या बारीक पात्या यांच्यामध्ये धूळ आणि कापसाची तूस यांचा नमद्यासारखा थर. हवा तिथेच अडते. पंखा बोटाने धरून ठेवा, मगच ब्लोअर मारा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची जाळी बुजते. कूलरच्या थेट झोतात, तुषार उडतील असाही नको. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल तर त्याच मिनिटाला वापर थांबवा. 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं धोक्याचं असतं.

माझा राग मात्र विक्रीवर आहे. गिगाहर्ट्झचे आकडे ठळक छापतात आणि 35 चा आकडा लपवतात. लष्करी वापराचे लॅपटॉप 50 अंशांतही चालतील असे बनवले जातात, म्हणजे विद्या आहे, नडते ती किंमत. सगळ्यांना तसं यंत्र परवडणार नाही, हे कबूल. पण सरकार शाळांसाठी आणि कचेऱ्यांसाठी संगणक घेतं, तेव्हा विदर्भाच्या निविदेत 45 अंशांची अट पहिल्या पानावर का नसावी? खोक्यावर हा आकडा मराठीत, ठळक छापायला किती शाई लागते?