मुलांना घरात ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

महामारी पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. 2020 साली गृहनिर्माण संस्थांनी कमावलेलं ज्ञान तोवर वाया जाऊ नये, म्हणून कार्यकारिणीच्या सदस्यांसाठी ही मार्गदर्शिका.

सर्वप्रथम घसरगुंडी बांधावी. गणपतीच्या मांडवातली उरलेली सुतळी चालते. झोपाळे साखळीसकट वर गुंडाळावेत. सीसॉचं फारसं काही करता येत नाही, त्यावर कुंडी ठेवावी. मग फोटो काढून ग्रुपवर टाकावा आणि हात जोडलेल्या चित्रांची वाट पाहावी.

आता अधिकाराचा प्रश्न. केंद्राच्या 1 मे 2020 च्या आदेशात 10 वर्षांखालील मुलांनी घरातच थांबावं, असं म्हटलं होतं. तेवढं वाक्य ठळक टायपात छापून लिफ्टमध्ये लावावं. त्याच वाक्यात 65 च्या वरची मंडळीही आहेत. तो भाग कापावा. चेअरमनसाहेबांना संध्याकाळी फेऱ्या मारल्याशिवाय झोप लागत नाही आणि सर्वसाधारण सभेत त्यांना मत आहे, मुलांना नाही. याच आदेशाने सहा फुटांचं अंतर राखून दारूविक्रीलाही मुभा दिली आणि 4 मेला पुण्यात दुकानांसमोर रांगा लागल्या. मुलांनी याबद्दल विचारल्यास ही महसुलाची बाब आहे, असं सांगावं. दुसरीतल्या मुलाला महसूल कळत नाही, पण तो गप्प बसतो.

खरी पंचाईत राज्य सरकारने केली. 31 मेच्या आदेशानं 3 जूनपासून पहाटे 5 ते संध्याकाळी 7 या वेळेत सायकल चालवायला, धावायला, चालायला परवानगी मिळाली, तीही सोसायट्यांच्या मैदानांसकट. डगमगू नये. आपल्याकडे आहे ते मैदान नसून पार्किंग आहे, असा ठराव करावा. गाड्या तिथे आधीपासून उभ्या असतातच, त्यामुळे पुरावा गोळा करावा लागत नाही.

तरीही कोणी आग्रह धरल्यास खेळांची एकेक करून छाननी करावी. विषामृतात एकाने शिवलं की भिडू जागच्या जागी थिजतो आणि दुसऱ्याने शिवलं की सुटतो. संसर्गाचं इतकं सरळ प्रात्यक्षिक मुलांनी जाहीरपणे करणं योग्य नाही, बंदी. साखळीत हात धरतात, बंदी. लगोरीत चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरतो. बंदी, शिवाय तळमजल्याच्या काचा. लपंडावात मात्र प्रत्येकानं इतरांपासून शक्य तितक्या लांब, एकट्यानं, तोंड मिटून बसायचं असतं. सरकारला तरी आणखी काय हवं होतं? तरीही बंदी, कारण मुलं गाड्यांमागे लपतात आणि रंगावर ओरखडे उठतात. क्रिकेटला आपल्याकडे पूर्वीपासूनच मनाई होती. महामारीने फक्त नोटिशीवरचं कारण बदललं.

(मोकळ्या हवेत विषाणू बंद खोलीपेक्षा कमी पसरतो, असं सांगणारा एक पालक प्रत्येक ग्रुपवर असतो. त्याला पाण्याच्या टाकीच्या सफाईची जबाबदारी द्यावी.)

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं सांगितलं. ही घरात सहज होते. ऑनलाइन पीटीचा तास लावावा. सरांचा 'सावधान' अर्ध्या वर्गाला वेळेवर आणि उरलेल्यांना 'विश्राम' झाल्यावर पोहोचतो, त्यामुळे व्यायाम दुप्पट होतो. दोरीउड्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप सांभाळून माराव्यात. काकूंच्या झोपेची वेळ निश्चित नसते. सूर्यनमस्कार आवाजाच्या दृष्टीने निर्धोक आहेत. फक्त दिवाण आणि टीव्ही यांच्यामध्ये मूल आडवं मावतं का, ते आधी मोजून घ्यावं.

परदेशी उदाहरणांच्या नादी लागू नये. स्पेनने सहा आठवडे मुलं कोंडली खरी, पण 26 एप्रिलला तिथलं सरकार नरमलं: 14 वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरपर्यंत बाहेर जाता येऊ लागलं. अशानं सवय लागते. आज एक तास दिला की मूल उद्याही मागतं.

घसरगुंडीची सुतळी सोडावी, असा अर्ज पालकांकडून आल्यास तो नाकारू नये. पोच द्यावी आणि विषय पुढच्या सर्वसाधारण सभेसमोर ठेवावा. गर्दी टाळण्यासाठी ती सभा बेमुदत पुढे ढकललेली आहे.