थंडीत ट्रक तापवण्याचे शास्त्रोक्त विधी

प्रस्तुत मार्गदर्शिका निफाड तालुक्यातील समस्त ट्रकचालकांसाठी आहे. त्यातही जे आपली गाडी पिंपळगाव बसवंतच्या एका अरुंद गल्लीत, शेजारच्या मास्तरांच्या खिडकीखाली लावतात, त्यांनी ती दोनदा वाचावी. कोणा एका व्यक्तीला उद्देशून ती लिहिलेली नाही. (नाना, चष्मा लावा.)

पूर्वपीठिका अशी : कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरला की निफाडचं नाव पेपरात येतं, बागाईतदार द्राक्षाच्या बागेत रात्री शेकोट्या पेटवतात आणि पहाटे साडेचारला आमच्या गल्लीत वाशीला निघालेली कांद्याची गाडी ‘गरम’ व्हायला लागते. पाच वाजता ती गरम होत असते. सव्वापाचला होतच असते.

कलम १. डिझेल इंजिन नुसतं उभं राहून लवकर तापत नाही. पेट्रोलच्या इंजिनासारखी यात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल फवारताच पेट घेईल, एवढाच यातला मंत्र. गारठ्यात सिलिंडरच्या थंड भिंतीच ती ऊब गिळतात, म्हणून आरंभी अर्धवट जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर निघतो आणि माझ्या खोलीत मुक्कामाला येतो. आता स्लोवर सोडलेल्या इंजिनाला काम काय? काहीच नाही. काम नाही म्हणून डिझेल थोडं, डिझेल थोडं म्हणून ऊब थोडी. तरी मोठी गाडी अशी ताटकळत तासाला दोन-तीन लिटर सहज पिते. हा हिशेब मी नानांच्या घरी माईंना अजून सांगितलेला नाही, हे चालकाने लक्षात घ्यावं. योग्य विधी असा की सेल्फ मारावा, ऑइलचा दाब आला का पाहावं, पुढच्या कलमातली हवा भरू द्यावी आणि हलक्या पायाने निघावं. हायवेला लागून ओझर येईपर्यंत काटा आपसूक जागेवर येतो.

कलम २. “मास्तर, ब्रेकला हवा नको भराया?” हा नानांचा आक्षेप सशास्त्र असून तो मान्य करण्यात येत आहे. एअरचा काटा वर आल्याशिवाय आणि बझर बंद झाल्याशिवाय गाडी हलवू नये. हलवणाऱ्याला मी स्वतः आडवा पडून थांबवीन. परंतु धडधाकट गाडीची हवा काही मिनिटांत भरते. अर्धा तास लागत असेल तर हवा एकीकडून भरते आहे आणि दुसरीकडून गल्लीत चालली आहे, असं समजावं. संध्याकाळी साबणाचं पाणी घेऊन पाइपांच्या सांध्यांवर लावावं; बुडबुडे आले की गळती सापडली. तेवढाही त्रास नको असेल तर मला विचारावं. मागचं डावं चाक. रात्रभर फुस्स ऐकतोय मी.

कलम ३. थंड इंजिनाला रेस देऊ नये. गारठलेलं ऑइल घट्ट असतं, ते टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तोवर टर्बो कोरडा फिरतो. गंमत म्हणूनही रेस देऊ नये. क्लीनरनेही देऊ नये. बाळ्याने तर मुळीच देऊ नये.

कलम ४. शेकोटीविषयी. नानांनी तरुणपणी लेहला माल पोचवला होता आणि तिथे टाकीखाली जाळ करून गाडी चालू केली होती. हा जाळ दर हिवाळ्यात थोडा मोठा होत आला आहे. कथा खोटी नाही. त्या उंचीवर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बुजतो. त्यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल काढलं. पण निफाड म्हणजे लेह नव्हे. आपल्या गाडीच्या पोटाला ऑइलचा थर, शेजारी वायरी, वर कांद्याच्या गोण्या. तिथे पेटता बोळा नेणाऱ्याने आधी आमच्या घराचा विमा उतरवावा. रेडिएटरवर किंवा ब्लॉकवर उकळतं पाणी ओतणंही निषिद्ध. तडा गेला तर गाडी पुढच्या हिवाळ्यापर्यंत इथेच, माझ्या खिडकीखाली.

कलम ५. रेडिएटरपुढे बारदान बांधायला हरकत नाही. अर्धी जाळी झाकावी, सगळी नको. मात्र ऊन वर आलं की सोडावं; परतताना ते तसंच ठेवून कसारा घाट चढायला घेतला तर गाडी काय करते, हे नानांना मी सांगायला नको.

कलम ६. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये, झोपू तर नयेच. या कलमात विनोद नाही.

कलम ७. सेल्फ मारण्यापूर्वी गाडीखाली पाहावं. थंडीत कुत्री चाकांच्या आड मुटकुळं करून झोपतात, मांजरं तर इंजिनापर्यंत चढतात. हे कलम मी नानांकडूनच घेतलं आहे. सत्तरी जवळ आलेला हा माणूस माकडटोपी घालून, बॅटरी धरून गुडघ्यांवर बसतो, पिल्लं एकेक उचलून आमच्या पायरीवर पोत्यावर ठेवतो, आणि मगच चावी फिरवतो. पिल्लांची झोप मोडू नये म्हणून हळू बोलतो. पिल्लांची.

कलम ८, मुख्य कलम. इंजिनात थर्मोस्टॅट नावाचा एक वॉल असतो. इंजिन तापेपर्यंत तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ऐंशी अंशांच्या आसपास पोचल्यावर उघडतो. नानांनी तो मागच्या उन्हाळ्यात ‘गाडी हीट मारते’ म्हणून मिस्त्रीकडून काढवला. म्हणजे पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरची वारी करून गारच परत येतं, ऑइल पातळ होत नाही, ॲव्हरेज पडतं, आणि मी जागा राहतो. उन्हाळ्यात हीट मारण्याचं खरं कारण बुजलेला रेडिएटर होतं. तो साफ करायचा खर्च वाचवून नानांनी माझी झोप खर्ची घातली.

काढलेला वॉल टाकलेला नाही. नानांचा नातू तो ओट्यावर भोवरा म्हणून फिरवतो. नातवाला खरा भोवरा मी आणून देतो. वॉल दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात लोंबता सोडा आणि पाणी तापवा. उकळायच्या आत उघडला आणि गार झाल्यावर मिटला, तर रविवारी मिस्त्रीला बोलवा. नाही उघडला तर नव्याचे अर्धे पैसे माझे. पातेलं कुठलं घ्यायचं, हे आधी माईंना विचारा. त्यात पुन्हा दूध तापवता येणार नाही.