पाचाचे बारा

सुरतेच्या रिंग रोडवर कापडाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक पेढीने रेग्युलर एक्स्प्रेशनची पूजा बांधावी. स्टीफन क्लेनी यांनी १९५०च्या दशकात हे गणित मांडले, केन थॉम्पसन यांनी १९६८ साली ते मजकूर शोधण्याच्या कामी लावले. न तपासता वापरण्याचे धाडस मात्र पुढच्या पिढ्यांचे, आणि खरे कौतुक त्याचेच व्हायला हवे.

२०२१चा डिसेंबर घ्या. १ जानेवारीपासून कापडावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के होणार होता. व्यापारी विरोध करत होते, पण बिलांच्या स्क्रिप्टना तयार राहणे भाग होते. अशा वेळी धाडसी माणूस सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेला एकच ओळ देतो: ५ दिसेल तिथे १२ घाल, सगळीकडे, थेट मूळ फाईलमध्ये. दर १२ होतो. मार्केटचा पिनकोड ३९५००२ असतो, तो ३९१२००२ होतो. पॉलिएस्टर कापडाचा एचएसएन कोड ५४०७चा १२४०७ होतो. ५.५ मीटरची साडी १२.१२ मीटरची होते. गिऱ्हाइकाला इतके सढळ माप आजवर कोणी दिले होते?

३१ डिसेंबरला जीएसटी परिषदेने कापडावरची वाढ पुढे ढकलली. हरकत नाही, ओळ उलटी चालवायची: १२ दिसेल तिथे ५. पिनकोड, एचएसएन, साडी, सगळे जागेवर येते. शिवाय जे मुळातच १२ होते तेही ५ होते. बारा ताक्यांची ऑर्डर पाचाची, ११२० रुपयांचे बिल १५०चे, आणि ३१/१२ची तारीख ३१/५ची. वर्षअखेरीची उधारी अशी सात महिने आधीच थकते.

पॅटर्नला शब्दाची सीमा घाला, असे काही जण सुचवतात. मराठी मजकुरात तीही धाडसालाच साथ देते. समजा, 'सुरत' हा शब्द बदलायचा आहे. पायथनचे रे मॉड्यूल मात्रा-उकारांना शब्दाचा भाग मानत नाही. 'सुरत'मध्ये त्याला 'स' आणि 'रत' असे दोन तुकडे दिसतात. म्हणून 'सुरतेची' यातली 'सुरत'ही त्याच्या लेखी पूर्ण शब्द ठरते आणि बिनबोभाट बदलली जाते.

भित्री माणसे यातले काही करत नाहीत. ती फाईलची प्रत ठेवतात, ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने सापडलेल्या ओळी आधी वाचतात, नुसता ५ न शोधता दराच्या नावासकट शोधतात, आणि बदलानंतर जुन्या-नव्या फाईलमधला फरक डिफने बघतात. दरवाढ टळली की जुनी फाईल परत ठेवतात आणि वेळेवर घरी जातात.