स्वावलंबनाची टाकी

अमेरिकेत राहून काय मिळवलंस असं कुणी विचारलं, तर मी डॉलरचं नाव काढत नाही. मी म्हणतो, "स्वावलंबन." गेली अठरा वर्षं प्रत्येक भारतवारीत मी हा शब्द सोबत नेतो, त्याचं वजन विमान कंपनी मोजत नाही. साताऱ्याला सासुरवाडीत भांड्याच्या मावशी आल्या नाहीत म्हणून धावपळ सुरू झाली, की मी सोफ्यावर रेलून, दुसऱ्यांदा आलेला चहा घेत सांगतो, "आमच्याकडे सगळं आपलं आपण. संडास आपण घासायचा, गवत आपण कापायचं, बर्फ आपण उपसायचा." सासरे शांतपणे ऐकून घेतात. ते एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेत. तिथे माणसाला ऐकून घ्यायची सवय लागते.

या यादीत मी एक काम कधीच घालत नसे. गाडीत पेट्रोल भरणं.

त्याचं असं आहे, की आम्ही राहतो एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत. आणि न्यू जर्सीत स्वतःच्या गाडीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरणं बेकायदा आहे. 1949 चा कायदा. कागदावर कारण लिहिलंय सुरक्षिततेचं: आग, वाफा वगैरे. पण जर्सीकर सांगतात ती कथा जास्त रंगतदार आहे. हॅकेनसॅकला आयर्विंग रेनगोल्ड नावाच्या पंपवाल्याने ओळीने पंप टाकले आणि "स्वतः भरा, गॅलनमागे काही सेंट वाचवा" असा धंदा मांडला. लोकांच्या रांगा लागल्या. बाकीच्या पंपवाल्यांनी राजधानी गाठून या प्रकारावरच बंदी आणवली. स्वस्ताई आटोक्यात आणायला सुरक्षिततेइतकं सोयीचं कारण नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पुढे 2006 मध्ये गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी ही बंदी थोडी सैल करून पाहू म्हटलं, तर लोक असे खवळले की त्यांना माघार घ्यावी लागली. ऑरेगनमध्ये 1951 पासून अशीच बंदी होती. तीही 2023 मध्ये उठली. आता पन्नास राज्यांत आम्ही एकटे उरलो. "जर्सीच्या पोरी पेट्रोल भरत नाहीत" अशी स्टिकरं इथे गाड्यांवर अभिमानाने मिरवतात. पोरांबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही, पण मी ते स्वतःला लावून घेतलं होतं.

थोडक्यात, साताऱ्यात पंपावरचा पोरगा म्हणायचा, "झिरो बघा साहेब", आणि एडिसनमध्ये मी काच चार बोटं खाली करून म्हणायचो, "फिल रेग्युलर, कॅश." एक पंप सोडून दुसऱ्या पंपावर आलो, मधल्या स्वावलंबी अमेरिकेवरून विमान गेलं असावं.

गेल्या नोव्हेंबरात सासू-सासरे आलेले असताना आम्ही पिट्सबर्गच्या बालाजीला निघालो. 1976 पासूनचं देऊळ. न्यू जर्सीच्या देशी माणसाची ती पंढरीच. साडेतीनशे मैलांचा रस्ता. याआधी दोनदा गेलो होतो, पण मित्राच्या गाडीत, मागे झोपून. बाकी कधी पश्चिमेला गेलोच तर डेलावेअर नदीच्या अलीकडे, फिलिप्सबर्गला टाकी फुल्ल करून घेत असे. नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनिया, तिथे आपल्या हाताने भरावं लागतं. नदीवरच्या पुलाचा टोलसुद्धा जर्सीतून बाहेर पडतानाच लागतो, आत येताना नाही. इतका स्पष्ट इशारा दुसरं कोणतं राज्य देतं?

पण त्या दिवशी फिलिप्सबर्गचा एक्झिट आला तेव्हा मी सासऱ्यांना सांगत होतो, की इथे लेकरं सोळाव्या वर्षी आपल्या पायावर उभी राहतात. मागे आमचं सोळा वर्षांचं लेकरू आजीच्या हातून धपाटा खात होतं. एक्झिट गेला. पूल गेला. बेथलेहेमच्या पुढे टाकीचा पिवळा दिवा लागला.

पंपावर गाडी लावली आणि उतरून पाहिलं, तर टाकीचं झाकण पलीकडच्या बाजूला. गाडी वळवून दुसऱ्या पंपाला लावली. गोल फिरल्यामुळे झाकण पुन्हा पलीकडेच. मुलगी म्हणाली, "बाबा, डॅशबोर्डवर बाण असतो." होता. पेट्रोलच्या चित्राशेजारी इवलासा त्रिकोण. फोर्डच्या जिम मॉयलन नावाच्या इंजिनिअरला 1986 मध्ये ही कल्पना सुचली, कारण भर पावसात त्याने अशीच चुकीच्या बाजूने गाडी लावली होती. तो भिजला आणि जगाला बाण देऊन गेला. मी त्या बाणासमोर अठरा वर्षं बसलो होतो.

झाकण उघडायला सीटखालचा खटका ओढला, तर पुढचं बॉनेट उघडलं. दुसरं बटण दाबलं, तर मागचं दार डुलत डुलत वर गेलं आणि धपाट्यांचा डबा घरंगळत फरशीवर आला. अशी दोन्ही बाजूंनी उघडी मिनीव्हॅन घेऊन मी उभा, आणि जे झाकण हवं ते बंद. शेवटी बायकोने बाहेर येऊन त्यावर बोटाने नुसतं दाबलं. उघडलं.

"तुला येतं ना रे भरता?" तिने विचारलं.

"त्यात काय येण्यासारखं आहे?" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा पुढे खर्च आलाय.

कार्ड घातलं. यंत्र म्हणालं, लवकर काढा. लवकर काढलं. म्हणालं, फार लवकर काढलं. मग झिप कोड मागितला. तेवढ्या वेळात मी हिरव्या मुठीचा नोझल उचलला होता. हिरवा म्हणजे साधं, लाल म्हणजे महाग, असा सिग्नलवरून काढलेला माझा हिशेब. नोझल टाकीच्या तोंडात शिरेना. मी जोर लावला. मागची काच खाली झाली आणि सासऱ्यांचा डेपोतला आवाज आला, "जावईबापू! ते डिझेल आहे!"

"वरती लिहिलंय का?" मी विचारलं.

"लिहिलंय की. पण मला वासावरूनच कळलं."

मी घाईने नोझल जागेवर ठेवला. एवढ्यात यंत्राचा धीर संपला आणि पडद्यावर हुकूम उमटला: कॅशियरला भेटा. आत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी खिडकीतून आमच्या गाडीकडे पाहिलं. बॉनेट वर, मागचं दार वर, सासूबाई फरशीवरचा डबा पुसतायत. मग नंबरप्लेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"जर्सी?" त्या म्हणाल्या.

त्या एका शब्दात इतकी दया होती, की मी पन्नास डॉलर काढून दिले आणि वर "थँक यू" दोनदा म्हणालो.

बाहेर आलो तर माकडटोपी घातलेले सासरे पंपापाशी उभे. नोझल त्यांच्या हातात होता, तोही बरोबरचा. "सत्त्याऐंशीचं बटण दाबा," ते म्हणाले. मी दाबलं. त्यांनी मूठ आवळली, खटका अडकवला, हात मोकळा केला आणि मीटरकडे बघत उभे राहिले. डेपोत रोज रात्री गाड्यांना डिझेल द्यायचं आणि दहा लिटरला गाडी किती किलोमीटर धावली ते वहीत मांडायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं काम. मला ते माहीत होतं. साताऱ्याच्या सोफ्यावर बसून मी त्यांना बर्फ उपसायचं सांगत होतो तेव्हाही माहीत होतं.

"गॅलन म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"पावणेचार लिटरच्या थोडं वर," मी उत्साहाने म्हणालो. कुठेतरी उपयोगी पडलो.

त्यांनी मनात गुणाकार केला. "तुमची गाडी फार पिते हो," म्हणाले, आणि नोझल झटकून, शेवटचा थेंब टाकीत पाडून, जागेवर लावला.

पुढे पिट्सबर्गपर्यंत स्वावलंबनावर कुणी काही बोललं नाही. सासूबाई फक्त एकदा म्हणाल्या, "यांना घरी गॅसचा सिलिंडर लावता येत नाही बरं का." हे माझ्या सांत्वनासाठी होतं, असं मी धरून चाललो.

परतताना पूल ओलांडून फिलिप्सबर्गच्या पंपावर थांबलो. मी सुटकेचा श्वास सोडून काच चार बोटं खाली केली. तोवर मागचं दार सरकलं आणि माकडटोपी खाली उतरली. पंपावरचे सरदारजी धावत आले, दोन्ही हात आडवे करून.

"अंकलजी, नहीं नहीं! यहाँ अलाउड नहीं है. आप बैठो."

सासरे नोझलवरचा हात न काढता माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय हा?"

मी सांगितलं. कायदा, 1949, दंड, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग गाडीत येऊन बसले, पट्टा लावला आणि काचेतून डोकं बाहेर काढून सरदारजींना म्हणाले, "झिरो किया क्या?"